फुले, जुन्या मोटारी आणि घर: हौशी छायाचित्रकारासाठी फ्लिकर कितपत उपयोगी?

हौशी छायाचित्रकाराला आपली छायाचित्रे दाखवण्यासाठी आज जागांची वानवा नाही. मात्र टाकलेले छायाचित्र पाच-सात वर्षांनी पुन्हा सापडेल, ते मूळ दर्जाचेच असेल आणि ते कशाचे, कुठले, कधीचे हे त्याच्याबरोबरच लिहिलेले असेल, अशी जागा शोधावी लागते. फ्लिकर या सेवेचे हे परीक्षण मी मुख्यतः याच कसोटीवर करीत आहे. माझे विषय चारचौघांसारखेच आहेत: कुंडीतली आणि रानातली फुले, रस्त्यावर किंवा प्रदर्शनात भेटणाऱ्या जुन्या मोटारी आणि घरातले साधेसुधे प्रसंग. या तिन्हींना एकच माप लावता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. फुलांसाठी फ्लिकर उत्तम आहे आणि मोटारींसाठी चांगले आहे. घरातल्या छायाचित्रांसाठी मात्र पैसे भरल्याशिवाय ते अपुरे पडते आणि पैसे भरल्यावरही सांभाळूनच वापरावे लागते.

ज्यांनी ही सेवा पाहिलेली नाही किंवा जे ती विसरले आहेत, त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास. फ्लिकर २००४ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक यांच्या लुडिकॉर्प या कंपनीने सुरू केले. पुढच्याच वर्षी ते याहूने विकत घेतले. २०१३ मध्ये याहूने प्रत्येक खात्याला एक टेराबाइट जागा फुकट दिली आणि लोकांनी फोनमधले सगळे किडूकमिडूक तिथे ओतले. २०१८ च्या एप्रिलमध्ये छायाचित्रांच्याच धंद्यातल्या स्मगमग या कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीने फ्लिकर घेतले आणि त्याच वर्षी मोफत खात्यावर १००० छायाचित्रांची मर्यादा घातली. मर्यादेबाहेरची जुनी छायाचित्रे २०१९ मध्ये काढून टाकण्याचे ठरले, तेव्हा बराच आरडाओरडा झाला. तो समजण्यासारखा होता, तरी मला ही मर्यादा आजही वाजवी वाटते. ज्याला आपल्या हजार चांगल्या छायाचित्रांची निवड करता येत नाही, त्याची अडचण जागेची नसते. शिवाय याच काळात पिकासाचे वेब अल्बम आणि पॅनोरामिओ या छायाचित्रे ठेवण्याच्या सेवा २०१६ मध्ये बंद झाल्या, तर फोटोबकेटने २०१७ मध्ये दुसऱ्या संकेतस्थळांवर छायाचित्रे दाखवण्यासाठी अचानक भरमसाट वर्गणी मागितली. या पार्श्वभूमीवर वीस वर्षांहून अधिक काळ चालू असलेली आणि जुने दुवे बहुतांशी जिवंत ठेवणारी सेवा म्हणून फ्लिकरला गुण द्यावेच लागतात.

दर्जाच्या बाबतीत फरक चटकन दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले छायाचित्र दाबून लहान केले जाते आणि बरोबरची तांत्रिक माहितीही गळून पडते. इन्स्टाग्रामवर रुंदी १०८० पिक्सेलवर येते, शिवाय चौकटीच्या आकाराची बंधने आहेतच. फ्लिकरवर मूळ फाइल जशीच्या तशी चढते. एका छायाचित्राला २०० मेगाबाइटपर्यंत परवानगी आहे आणि ती हौशी माणसाला पुरून उरते. छायाचित्राखाली कॅमेरा, लेन्स, छिद्राचा आकार, शटरचा वेग, आयएसओ हे सारे तपशील आपोआप दिसतात. नवशिक्याला याचा उपयोग किती होतो हे सांगून पटत नाही, वापरूनच कळते. दुसऱ्याचे आवडलेले छायाचित्र उघडायचे, खालचे आकडे पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच गॅलरीत तेच करून पाहायचे, ही शिकवणी फुकटात मिळते.

आता फुलांविषयी. जास्वंदीच्या लाल फुलाचे छायाचित्र फोनवर पाहिले तर ते लाल डागासारखे दिसते, कारण गडद लाल रंग कॅमेऱ्याच्या संवेदकात सर्वांत आधी ओसंडतो आणि पाकळीवरच्या शिरा त्यात बुडून जातात. प्रकाश थोडा कमी ठेवून, सावलीत किंवा ढगाळ उजेडात टिपलेल्या जास्वंदीत त्या शिरा, मधली पुंकेसरांची नळी, तिच्या टोकाची पाच मखमली बोंडे आणि परागकण सुटे सुटे दिसू शकतात. फक्त ते दिसायला छायाचित्र पूर्ण आकारात उघडता आले पाहिजे. फ्लिकरवर ते उघडते. काळ्या पार्श्वभूमीवर पडदाभर मोठे होणारे छायाचित्र, त्याच्या भोवती जाहिरात नाही (मोफत खात्याने पाहणाऱ्याला इतरत्र जाहिराती दिसतात, हे खरे) आणि बोटाने खेचून पाहण्याची सोय, एवढ्याने पाहणाऱ्याचा वेग मंदावतो. फुलांच्या छायाचित्रांना हाच मंदावलेला प्रेक्षक हवा असतो.

फुलांच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे नोंद. प्रत्येक छायाचित्राला शीर्षक, वर्णन आणि टॅग, म्हणजे शोधताना उपयोगी पडणारे शब्द, देता येतात. मराठीत दिलेले शीर्षक नीट दिसते, पण नुसते मराठी नाव देऊन थांबू नये. आपल्याकडे घरोघरी पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री जे ब्रह्मकमळ फुलते आणि ज्याच्यापुढे शेजारीपाजारी जमून फोटो काढतात, ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंगाच्या कुळातले झाड, एपिफिलम ऑक्सिपेटालम. हिमालयातले ब्रह्मकमळ, म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, वेगळेच आहे. दोन्ही एकाच टॅगखाली गेली की शोधणाऱ्याची फसगत होते. शास्त्रीय नाव, मराठी नाव, जिल्हा आणि महिना असे चार टॅग दिले, तर दुसऱ्या टोकाला असलेल्या वनस्पतिप्रेमीला आपले छायाचित्र सापडते आणि नाव चुकले असल्यास तो ते सांगतोही. भारतीय वनस्पतींवरच्या गटांत ही दुरुस्ती बहुधा सौजन्याने होते; पाकळ्यांबरोबर पान, खोड आणि फळ यांचीही छायाचित्रे द्या, अशी विनंती मात्र वारंवार केली जाते आणि ती योग्यच आहे. पाकळ्यांच्याच प्रेमात पडलेल्या छायाचित्रकाराच्या छायाचित्रावरून झाड ओळखणे तज्ज्ञालाही कठीण जाते.

साताऱ्याजवळचे कास पठार हे या नोंदीच्या उपयोगाचे चांगले उदाहरण. सह्याद्रीतल्या इतर स्थळांबरोबर कासचा समावेश २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि तेव्हापासून ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे कॅमेऱ्यांची गर्दी असते. गेंद, तेरडा, कीटक पकडणारी सीतेची आसवे आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम बहरणारी टोपली कारवी, ही सारी मंडळी छायाचित्रांत हमखास असतात. यांतली बहुतेक छायाचित्रे समाजमाध्यमांवर दोन दिवस फिरतात आणि खाली दबली जातात. फ्लिकरवर तीच छायाचित्रे घेतल्याच्या तारखेनुसार लागतात. एखाद्या वर्षी तेरडा आठवडाभर आधी फुलला का, हे आपल्याच मागच्या हंगामांच्या छायाचित्रांवरून पडताळता येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये कारवी फुलली. दोन बहरांत इतके अंतर असलेल्या झाडाच्या बाबतीत तारीख जपणारी जागा ही चैन राहत नाही. एक सावधगिरी मात्र पाळावी. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचे छायाचित्र टाकताना नकाशावरची नेमकी जागा देऊ नये. कंद उपटणारे हातही नकाशे वाचतात. फ्लिकरवर जागेची माहिती छायाचित्रागणिक लपवता येते किंवा ती कोणाला दिसावी हे ठरवता येते.

जुन्या मोटारींकडे वळू. या विषयात फ्लिकरचे बळ गटांमध्ये आहे. मोटारीची कंपनी, मॉडेल, साल, शहर, एवढेच काय तर नुसत्या बोनेटवरच्या चिन्हांचे आणि नुसत्या गंजलेल्या, टाकून दिलेल्या गाड्यांचेही गट आहेत. आपण काढलेल्या प्रीमियर पद्मिनीचे छायाचित्र फियाट ११०० च्या गटात टाकले की तिच्या इटलीतल्या भावंडांच्या शेजारी ते लागते. अ‍ॅम्बेसेडर टाकली की तिची जननी मॉरिस ऑक्सफर्ड शेजारी येते. मग हेडलाइटभोवतीची कड, ग्रिलच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांचा आकार अशा खुणांवरून साल ठरवण्याचा खेळ सुरू होतो. माझ्या मते या छंदातला निम्मा आनंद याच खेळात आहे.

आपल्याकडच्या मोटारींच्या छायाचित्रांना आता दस्तऐवजाचे मोल येऊ लागले आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून इतकी अंगवळणी पडली होती की तिचे मुद्दाम छायाचित्र काढावे असे फार थोड्यांना वाटले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात २०१४ मध्येच थांबले होते. आता त्या टॅक्सीचा आतला रंगीबेरंगी छताचा कपडा, मीटर, टपावरचे सामानाचे कॅरिअर असे काही पाहायचे असेल, तर प्रवाशांनी आणि पर्यटकांनी सहज काढून ठेवलेल्या छायाचित्रांचाच आधार उरतो आणि तशी छायाचित्रे फ्लिकरवर भरपूर आहेत. त्यांतली बरीचशी परदेशी पाहुण्यांनी काढलेली आहेत, ही गोष्ट आपल्याला थोडी लागायला हवी.

खासगी जुन्या मोटारींच्या बाबतीत केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी चित्र बदलले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली वेगळी नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी काढता येत नाहीत. प्रदर्शन, फेरी, इंधन, देखभाल अशाच कामांसाठी ती रस्त्यावर येतात. त्यामुळे छायाचित्रकाराची गाठ त्यांच्याशी बहुधा गर्दीतच पडते आणि गर्दीतल्या मोटारीचे चांगले छायाचित्र काढणे अवघड असते. फ्लिकरवरचे या विषयातले सरासरी छायाचित्र कंटाळवाणे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही: उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, समोरून तिरपे, मागे फ्लेक्स आणि दोरी, बंपरमध्ये छायाचित्रकाराचे स्वतःचे प्रतिबिंब. जे मोजके लोक गुडघ्यावर बसून हेडलाइटच्या उंचीवरून टिपतात किंवा नुसते हबकॅप (चाकाच्या मध्यावरचे झाकण), नुसते सुकाणू टिपतात, त्यांची खाती शोधून काढून त्यांचा माग ठेवावा. पोलरायझर फिल्टरने काचेवरची आणि रंगावरची चमक कमी होते, क्रोमची होत नाही, असल्या व्यवहारी गोष्टी तिथल्या चर्चांतून चांगल्या कळतात. नंबर प्लेट झाकावी का, याबद्दल गटागटांत मतभेद आहेत. मी खासगी मोटारीची प्लेट झाकावी या मताचा आहे, पण एमएच मालिका येण्यापूर्वीची तीन इंग्रजी अक्षरांची प्लेट असली तर ती गाडीचाच भाग असते, तेव्हा मालकाला विचारून ती तशीच ठेवावी.

घरातल्या छायाचित्रांच्या बाबतीत मात्र माझे मत बरेच आखडते होते. गच्चीवरची वाळवणे, फराळाची परात, उंबऱ्याशी रांगोळी काढणारी मुलगी, शेंगा सोलणारे आजीचे हात, ही छायाचित्रे ज्यांच्यासाठी काढलेली असतात ती माणसे पंधरा-वीस असतात. फ्लिकरवर प्रत्येक छायाचित्र सर्वांना, मित्रांना, कुटुंबाला की फक्त स्वतःला दिसावे, हे ठरवता येते. खासगी अल्बमचा दुवा खाते नसलेल्या नातेवाइकांनाही पाठवता येतो. नागपूरच्या मावशीला आणि न्यू जर्सीच्या भाच्याला एकच अल्बम, तोही पूर्ण आकारात, पाहायला मिळणे ही मोठी सोय आहे. पण २०२२ पासून मोफत खात्यावर अशी सर्वांसाठी खुली नसलेली छायाचित्रे केवळ ५० ठेवता येतात. एका मुंजीतच ती संपतील. म्हणजे जी छायाचित्रे सर्वांत जास्त जपून ठेवावीत, त्यांनाच मोफत खात्यात जागा नाही आणि घर जगापुढे मांडायला मात्र हजारापर्यंत छायाचित्रांची मुभा आहे. फ्लिकरच्या धोरणातला हा भाग मला सर्वांत खटकतो.

घराच्या अंतरंगाची छायाचित्रे सर्वांसाठी खुली करायचीच असतील, तर माणसांचे चेहरे नसलेली करावीत. देवघरातली समई, खिडकीतले ऊन, ओट्यावरची तांब्याची कळशी यांना जगभर प्रेक्षक आहे आणि त्यांत कोणाचे नुकसान नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत धडा घ्यावा असा प्रसंग फ्लिकरच्याच इतिहासात आहे. २०१९ मध्ये उघडकीला आले की आयबीएमने चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालींच्या अभ्यासासाठी सुमारे दहा लाख छायाचित्रांचा संच तयार केला होता आणि ती फ्लिकरवर खुल्या परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरायची मुभा देऊन, ठेवलेल्या छायाचित्रांतून घेतलेली होती. परवान्याच्या शब्दांत ते बसत असेलही, पण छायाचित्रातल्या माणसांना कोणी विचारले नव्हते. घराच्या पत्त्याचेही तेच. फोनने काढलेल्या छायाचित्रात स्थान नोंदले जाते, म्हणून चढवण्यापूर्वी ते काढावे किंवा फ्लिकरच्या मांडणीत घराभोवती कुंपण घालण्याची जी सोय २०११ पासून आहे ती वापरावी, म्हणजे त्या परिघात काढलेल्या छायाचित्रांची जागा इतरांना दिसत नाही.

याच विषयात फ्लिकरची एक बारीकशी सोय मला मनापासून आवडते. जुन्या कागदी छायाचित्रांची स्कॅन केलेली प्रत चढवताना काढल्याची तारीख बदलता येते आणि ती नेमकी ठाऊक नसल्यास नुसता महिना, नुसते वर्ष किंवा ‘त्या सुमारास’ एवढेच नोंदवता येते. वडिलांच्या पहिल्या मोटारीपुढे सगळे कुटुंब उभे आहे, मागे बोगनवेल आहे आणि साल १९७४ च्या आसपासचे असावे, असे छायाचित्र बहुतेक घरांत निघते. ते आज स्कॅन केले म्हणून आजच्या तारखेला जाऊन बसत नाही. नुसती संख्या वाढवण्यावर भर असलेल्या सेवांमध्ये असा विचार क्वचित दिसतो.

परवान्यांविषयी थोडे आणखी. फ्लिकरने २००४ मध्येच क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे आधीच सांगणारे तयार परवाने उपलब्ध करून दिले. आपण काही निवडले नाही तर सर्व हक्क आपल्याकडे राहतात. फुलांच्या आणि मोटारींच्या छायाचित्रांना श्रेय देण्याच्या अटीवरचा खुला परवाना द्यावा, असे मी सुचवीन, कारण तसे छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या खुल्या छायाचित्रांच्या संग्रहात आणि तिथून मराठी विकिपीडियावरच्या लेखांत जाऊ शकते. ‘अव्यापारी वापरापुरते’ किंवा ‘बदल न करता’ अशी अट घातली तर विकिमीडिया ते स्वीकारत नाही. एकदा दिलेला परवाना ज्याने आधीच छायाचित्र घेतले आहे त्याच्यापुरता मागे घेता येत नाही, हे ध्यानात ठेवून निर्णय करावा.

प्रेक्षकसंख्येची आशा धरून येणाऱ्याची मात्र निराशा होईल. ‘एक्सप्लोअर’ या पानावर रोज ५०० छायाचित्रे झळकतात. त्यांची निवड संगणकप्रणाली करते आणि तिच्या निकषांचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नये. मराठी माणसे तिथे आहेत, पण विखुरलेली आहेत, आणि मराठीतून होणारी चर्चा नगण्य आहे. अभिप्रायांत ‘सुंदर टिपले’ या छापाच्या ठरीव वाक्यांचा सुकाळ आहे. काही गटांत तर आपले एक छायाचित्र टाकले की दुसऱ्यांच्या दोन-तीन छायाचित्रांवर अभिप्राय देण्याची सक्ती असते, त्यातून निघणारे कौतुक लग्नातल्या आहेरासारखे परतफेडीचे असते. असे गट सोडून द्यावेत.

खर्चाचा हिशेब असा. वर्गणीचे ‘प्रो’ खाते घेतल्यास संख्येची मर्यादा उठते, खासगी छायाचित्रांवरचे बंधन जाते, जाहिराती जातात आणि कोणते छायाचित्र किती वेळा पाहिले गेले याची आकडेवारी मिळते. २०१८ मध्ये वर्षाला ५० डॉलरच्या घरात असलेली ही वर्गणी नंतर वाढतच गेली आहे आणि रुपयांत मोजली तर हौसेच्या मानाने ती अंगावर येते. शिवाय मे २०२५ पासून मोफत खात्यांवरच्या छायाचित्रांची १०२४ पिक्सेलहून मोठी प्रत उतरवून घेण्यावर बंधन आले आहे, त्यामुळे मोफत खाते म्हणजे मूळ फाइलींची तिजोरी, असा समज ठेवू नये. मूळ फाइली घरच्या हार्ड डिस्कवर असल्याच पाहिजेत. वर्गणी थांबली की खाते मोफत पातळीवर येते आणि हजारावरची छायाचित्रे काढून टाकली जाण्याचा धोका राहतो, हेही वर्गणी भरण्याआधीच जाणून घ्यावे.

फुले आणि मोटारी एवढाच विषय असेल, तर मोफत खाते पुरेसे आहे. दरवर्षी शंभरेक निवडक छायाचित्रे, नीट नावे आणि टॅग देऊन चढवली तर दहा वर्षे सहज निघतील. घरातली छायाचित्रेही तिथेच ठेवायची असतील, तर भावंडांनी मिळून एका प्रो खात्याची वर्गणी वाटून घ्यावी, खाते एकाने सांभाळावे आणि त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवावा.